बाईंचा कँटर: प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर, रविवार

आजपासून ही वही वेगळी. चंदी, कडबा, नालबंदाचे पैसे हे सगळं जुन्या वहीत. इथं फक्त बाईंचा कँटर, म्हणजे घोड्याची दुडकी आणि चौखूर यांच्या मधली चाल.

बाई म्हणजे माझ्या मुलीच्या गणिताच्या बाई. नववी 'ब'. ऑगस्टपासून आठवड्यातून तीन दिवस सकाळी सातला सोलापूरच्या विजापूर रस्त्यावर, सोरेगावच्या पुढं, आमच्या रिंगवर घोडेस्वारी शिकायला येतात. साडेआठला घरी, अकराला शाळेत. वय ४४. कदम चाल, म्हणजे घोड्याचं साधं चालणं, नीट येते. दुडकीवरची (ट्रॉटवरची) उठबस तर माझ्याकडं शिकणाऱ्या कॉलेजच्या पोरांपेक्षा चांगली. न उठता बसून दुडकी केली की अजून आदळतात, पण रिकीब (पाय अडकवायची कडी) सुटत नाही, टाच खाली राहते आणि लगामाला लोंबकळत नाहीत. आता पुढं सरकायला हरकत नाही.

उद्दिष्ट: जानेवारीअखेर, लंजदोरीशिवाय (मास्तर मधे उभा राहून घोडा गोल फिरवतो ती लांब दोरी), उजव्या हाताला २० मीटरच्या वर्तुळात एक पूर्ण फेरी कँटर. मधे दुडकीवर उतरायचं नाही.

बाईंनी उभ्या उभ्या हिशेब मांडला. "घोड्याची एक झेप किती?"

मी म्हटलं, सव्वातीन मीटर धरा.

"व्यास वीस, परीघ त्रेसष्ट. भागिले सव्वातीन. एकोणीस आणि थोडं वर. एकोणीस झेपा झाल्या की मी पास."

घरी मुलीनं बजावलं, "बाबा, बाईंवर ओरडू नका हां. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे."

१९ नोव्हेंबर

आज घोड्यावर कमी, जमिनीवर जास्त. कँटर म्हणजे नक्की काय ते आधी कानाला कळावं म्हणून.

आमचे मोतद्दार मामा, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, त्यांच्याकडे या चालीला शब्दच नाही. त्यांच्या वडिलांचा टांगा होता, स्टेशन ते सात रस्ता. टांग्याचा घोडा कदम नाहीतर दुडकी. त्यापलीकडं गेला तर तो उधळला, चौखूर सुटला, आणि मग टांगेवाल्याचा फुकट तमाशा. मामांच्या लेखी दुडकी आणि चौखूर यांच्या मधे काही नसतंच. नवशिक्या स्वाराच्या मनातही नेमकं हेच असतं. त्याला वाटतं की दुडकीपुढं गेलं की घोडा हातातून गेला.

चंद्रा घोडीला मामांनी दोरीवर फिरवलं आणि मी बाईंना डोळे मिटायला लावले. कदमात चार पाय चार वेळा वाजतात. दुडकीत तिरपी जोडी एकदम पडते, म्हणून दोनच ठोके. बाई म्हणाल्या, "हा तर सासरचा माग. खट-खट, खट-खट." सासर साखर पेठेत, घराला लागूनच यंत्रमाग. गेली वीस वर्षं त्या दुडकीच ऐकत झोपल्यात म्हणायच्या.

कँटरमधे तीन ठोके. उजव्या हाताला जाताना आधी डावा मागचा पाय, मग उजवा मागचा आणि डावा पुढचा एकदम, शेवटी उजवा पुढचा. त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. हे मी टाळ्या वाजवून दाखवत होतो आणि टाळ्यांमधली पोकळी काही केल्या दाखवता येईना.

बाई म्हणाल्या, "म्हणजे टबडक."

पोरासोरांचं टबडक-टबडक मी जन्मभर ऐकलंय, मोजलं कधीच नव्हतं. ट, ब, डक. तीन ठोके, आणि दुसरं टबडक सुरू होण्याआधीची ती बारीकशी थांबण. आता इथं तालासाठी दुसरा शब्द नको.

२१ नोव्हेंबर

चंद्रावर बाई, दोरी माझ्या हातात. फसलं.

चंद्रा मारवाडी, ६० इंच, अकलूजच्या बाजारातून आणलेली. तिथं तिच्यावर पैसे लागले ते रेवाल चालीसाठी. रेवालमधे एका अंगाचे मागचा-पुढचा पाय पाठोपाठ पडतात आणि स्वार पाटावर बसल्यासारखा जातो. हातातलं पाणी सांडत नाही म्हणतात ते याच चालीबद्दल. बसायला सुख. पण कँटर मागितला की चंद्रा झेप घेत नाही, रेवालचाच वेग वाढवते. पाय लावा, आणखी रेवाल. टाच मारा, आणखी जोरात रेवाल. बाई खूश होत्या, "किती मऊ चालला हो कँटर." तो कँटर नव्हता हे सांगायला मलाच जड गेलं.

तिचा दोष नाही. कुणीतरी दोन वर्षं खपून तिला हेच शिकवलंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

घोडा बदलला. बादशा. रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, १७ वर्षांचा, ६३ इंच. उंची बघून बाई एक पाऊल मागं सरल्या. पण तीनही चाली स्वच्छ, पाठ रुंद, आणि आजवर पाचपन्नास पोरं याच पाठीवर कँटर शिकलीत. उजवी बाजू त्याची हातखंडा, म्हणूनच उद्दिष्टात उजवा हात लिहिलाय.

गळ्यात जुन्या रिकिबीचा पट्टा बांधला. तोल गेला की बोट त्यात अडकवायचं, लगाम ओढायचा नाही. तोंडातली कडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे, ती घोड्याच्या जिभेवर असते.

२६ नोव्हेंबर

दोरीवर बादशा, बाईंचे दोन्ही हात पट्ट्यात.

कोपऱ्यापाशी कँटर मागायचा, कारण कोपऱ्यात घोडा आपसूक वाकतो आणि आतला पाय पुढं टाकायला मोकळा होतो. स्वारानं आतला पाय तंगापाशी (खोगिराच्या पोटपट्ट्यापाशी) ठेवायचा, बाहेरचा वीतभर मागं. बाहेरचाच का? कारण झेप बाहेरच्या मागच्या पायापासून सुटते, म्हणून निरोपही त्याच पायाला. बाईंना हे कारण सांगितल्यावर त्यांनी एकदाही पाय बदलला नाही. कारण न सांगता मी कॉलेजच्या पोरांना महिनाभर ओरडत बसतो.

तरी झेप आली नाही. पाय लागला की बाई पुढं वाकतात, जणू घोड्याला ढकलायचंय. वजन पुढच्या खांद्यांवर गेलं की घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊच शकत नाही. मग तो दुडकीच लांब-लांब टाकत पळतो, बाई आदळतात, आदळल्या की गुडघे आवळतात, आणि गुडघे आवळले की खोगिरावरून वर ढकलल्या जातात. आठ प्रयत्न, आठही वेळा धावती दुडकी. धावत्या दुडकीतून कँटर निघत नाही. दुडकी आधी आवरायची, मग मागायचं.

२८ नोव्हेंबर

रात्री अवकाळी शिंतोडे. सराव नाही. रिंगच्या बाहेरची काळी माती नालांना पायताणासारखी चिकटते. रिंगमधे खाली मुरूम आणि वर वाळू आहे म्हणून ती दुपारपर्यंत वाळेल. पूर्वेकडच्या कोपऱ्यात वाळू पातळ झालीय. दोन ट्रॉल्या लागतील, पैसे जुन्या वहीत.

१ डिसेंबर, रविवार

तीन झेपा!

पण काय झालं ते नीट लिहून ठेवायला हवं. बादशानं उचललं, बाई एक-दोन-तीन बसल्या, आणि मग दगड झाल्या. चेहरा लाल. दुडकीवर उतरल्यावर मोठ्ठा श्वास. तीन झेपा म्हणजे साधारण दोन सेकंद. एवढा वेळ त्यांनी श्वासच घेतला नव्हता. श्वास कोंडला की पोट घट्ट, पोट घट्ट की कंबर घट्ट, आणि घट्ट कंबरेखाली झेप जिरत नाही, ती खोगिरावर आपटते. बादशाला ते आपटणं म्हणजे थांबायची खूण.

३ डिसेंबर

आज बाईंनी मला शिकवलं. शब्दशः.

मी दोरीच्या टोकाला उभा राहून नेहमीसारखा चालू होतो. खांदे मागं, नजर वर, टाच खाली, श्वास घ्या, हात सोडा, आतला पाय, आता आता आता. चौथ्या फेरीला बाईंनी बादशाला कदमावर आणलं, माझ्यापाशी थांबवलं आणि अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या,

"तुम्ही एका कोपऱ्यात सात सूचना दिल्यात. मी मोजल्या. नववी 'ब'ला एका दमात सात पायऱ्या सांगितल्या तर पोरं पहिली विसरतात आणि सातवी चुकवतात. मला एक सांगा. आणि कोपऱ्यात नको, कोपऱ्याच्या आधी."

मामा कडब्याची कुट्टी करत होते, ते तिकडं तोंड फिरवून हसले.

खरं सांगायचं तर राग आला होता. दहा वर्षं शिकवतोय. पण घरी येऊन मोबाइलवरची चित्रफीत पाहिली, मामांनी काढलेली. ज्या फेरीत मी सगळ्यात जास्त बोललोय त्याच फेरीत बाई सगळ्यात जास्त ताठ आहेत.

८ डिसेंबर, रविवार

नवा नियम: माझी एकच सूचना, कोपऱ्याच्या दहा पावलं आधी. बाकीचं बोलणं बाईंचं. झेप सुरू झाली की त्यांनी मोठ्यानं मोजायचं. मोजणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही, कारण आवाजाला हवा लागते.

एक, दोन, तीन, चार, पाच. पाचला आवाज चिरकला. पुढच्या वेळी सात.

सराव संपल्यावर बादशाला हातानं फिरवताना बाई पहिल्यांदाच घरचं काही बोलल्या. माहेर वेळापूर. माउलींची पालखी खुडूसला आली की घरातली सगळी रिंगण बघायला. आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी पहिला घोडा पाहिला तो तिथं. पुढं पताका घेतलेला स्वार आणि मागं माउलींचा अश्व, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. घोडे गेल्यावर माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला वाकली, तेव्हा आजोबाही वाकले, आणि खांद्यावरची नात आजोबांच्या डोक्यावरून पुढं घसरली. "कपाळाला नाही, माझ्या तोंडातच गेली माती," म्हणाल्या. "तेव्हापासून डोक्यात आहे."

मग विचारलं, "तो अश्व कँटरमधे असतो का?"

मी सांगितलं, सुरुवातीला. वारकऱ्यांच्या गजरात वेग चढला की चौखूर. तेव्हा तीनाचे चार ठोके होतात, कारण एकदम पडणारी ती मधली तिरपी जोडी फुटते. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बहुतेक लहानपणीचा आवाज पुन्हा ऐकत होत्या.

१० डिसेंबर

आठ. नऊ. आठ.

सरावानंतर दहा मिनिटांनी बादशाची नाडी जबड्याखाली बोट ठेवून मोजली, मिनिटाला ४४. घोड्याची विश्रांतीतली नाडी २८ ते ४४, म्हणजे म्हातारा बराच ताजा आहे. तरी एका दिवशी त्याच्याकडून कँटर दहा मिनिटांपेक्षा जास्त घ्यायचा नाही.

१२ डिसेंबर

अकरा झेपा, दोरी सोडून, लगाम हातात! मामांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती, बाईंनी बादशाला आधी गूळ दिला, मग आम्ही खाल्लं. या गतीनं नाताळापर्यंत प्रकल्प संपतो असं वाटतंय.

१५ डिसेंबर, रविवार

मागची नोंद खोडत नाही, पण ती खोटी आहे.

आज मला बोलता बोलता खोकला आला. सूचना द्यायची राहिली. बाईंनी कोपऱ्यात पाय लावला, सगळं बरोबर केलं, आणि बादशा दुडकीतच राहिला. पुढच्या कोपऱ्याआधी मी म्हटलं, "आता," आणि त्यानं उचललं. बाईंचा पाय अजून जागचा हललाही नव्हता.

मग मुद्दाम करून पाहिलं. रिंगच्या मधोमध उभा राहून, बाईंना काहीही करू नका सांगून, नुसतं "आता" म्हटलं. बादशानं सुरेख कँटर दिला. १७ वर्षांचा घोडा. पाचपन्नास पोरांच्या वेळी त्यानं हाच शब्द याच आवाजात ऐकलाय. त्याला वाट कुणी पाहायला सांगितली? नवशिक्याचा पाय कधी लागतो, कधी लागत नाही. मास्तरचा शब्द पक्का.

म्हणजे गेले पंधरा दिवस कँटर मी करत होतो, बाई फक्त वर बसल्या होत्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कॉपी म्हणायची ही." आणि मग, "तुम्ही पुरवलेली."

१७ डिसेंबर

मी गप्प. कोपरा बाईंनी निवडायचा, वेळ त्यांनी ठरवायची. शून्य झेपा.

१९ डिसेंबर

शून्य. बादशा दर कोपऱ्यात एक कान माझ्याकडं वळवून विचारतोय. आज पाठ फिरवून उभा राहिलो, तेव्हा त्याचा कान मागं गेला. बाईंकडं. शेवटच्या दहा मिनिटांत एकदाच उचललं, चार झेपा. पण या चार खऱ्या. मला दिसल्या नाहीत, ऐकू आल्या. टबडक, टबडक, टबडक, टबडक.

२२ डिसेंबर, रविवार

पडल्या.

माझी चूक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बाई उजव्या हाताला, सहावी झेप मोजत होत्या. माझी पाठ रिंगकडं. तेवढ्यात नालबंदाची मोटारसायकल सरळ फाटकातून आत आली. मी त्याच्यावर ओरडलो, "थांबा!"

नालबंद थांबला. बादशाही थांबला. कँटरमधून एका दमात उभा. बाई त्याच्या उजव्या खांद्यावरून पुढं गेल्या आणि वाळूत खांद्यावर पडल्या. डोकंही टेकलं. बादशा जिथल्या तिथं उभा राहून खाली वास घेत होता, हे एक त्याचं मोठेपण.

त्यांना लगेच उठू दिलं नाही. तारीख विचारली, बरोबर. चाचणीत माझ्या मुलीला किती, विचारलं. "अठरा. वीसपैकी. ते तुमच्या ओरडण्यामुळं नाही." म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. तरी त्यांना पुन्हा घोड्यावर बसवलं नाही. पडल्यावर लगेच बसावं, नाहीतर भीती बसते, असं जुने लोक सांगतात. खांदा-ढोपरापुरतं मलाही पटतं. डोकं टेकलं असेल तर त्या दिवशी खोगीर नाही, डॉक्टर. आणि ते हेल्मेट बाद, बाहेरून चरा दिसो न दिसो. आतला थर एकदा दबला की पुढच्या वेळी काम करत नाही.

डॉक्टरांकडं सगळं ठीक. खांद्याला मुका मार. संध्याकाळी बाईंच्या घरून फोन, यजमानांचा. शांतपणे बोलले. ते शांत बोलणंच जास्त लागलं.

फाटकाला आजच कडी लावली. सराव चालू असताना आत कुणी नाही. हे दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

२४ आणि २६ डिसेंबर

सराव नाही.

२६ला बादशावर मी स्वतः बसलो, एकही शब्द न बोलता. मलाही पहिल्या दोन कोपऱ्यांत त्यानं दाद दिली नाही! माझा पाय आळसावलाय, इतकी वर्षं तोंडानं काम भागतंय. मामा फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभे होते, म्हणाले, "आता कळलं का बाईंचं?" मामा माझ्याशी मराठी बोलतात आणि घोड्यांशी कानडी. मला समज देताना ते शक्यतो कानडीत देतात, म्हणजे मी ती घोड्यांसाठी समजावी. आज मराठीत दिली.

२९ डिसेंबर, रविवार

बाई आल्या. नवं हेल्मेट, स्वतः आणलेलं. आज फक्त कदम आणि दुडकी ठरलं होतं. शेवटी त्यांनीच विचारलं, "एक मागू का?" दोन झेपा. बास म्हटलं.

५ जानेवारी, रविवार

पडल्यापासून नवी खोड लागलीय. झेप सुरू झाली की बाई कंबरेनं जोर काढतात, पुढं-मागं, पुढं-मागं. भीती घट्टपणातून निघून मेहनतीत शिरली, एवढंच. बादशाला वाटतं त्याला रेटतायत, मग तो लांब पळतो, मग बाई घाबरतात.

काय सांगावं सुचेना. मी झोपाळ्याचं उदाहरण दिलं आणि तेच उलटं पडलं, त्या आणखी जोर काढू लागल्या. मग लक्षात आलं, वेळापूरची मुलगी. पंचमीचा झोका उभ्यानं चढवत नेणारी. तिला झोका म्हटलं की अंग कामाला लागणारच.

म्हणून विचारलं, "झोक्यावर दोघी असल्या तर दोघी जोर काढता का?"

"नाही. एक काढते. दुसरी नुसती बसते, पण सैल. ताठ बसली तर झोका अडतो."

"बादशा जोर काढतोय."

पुढच्या कोपऱ्यात नऊ. सुरुवातीच्या नऊपेक्षा वेगळे नऊ. कंबर त्याच्याबरोबर जात होती, खोगीर आणि विजार यांच्यात फट दिसत नव्हती. हातही पहिल्यांदाच हलले. कँटरमधे घोडा दर झेपेला मान खाली-वर करतो, हात तेवढे पुढं गेले नाहीत तर दर झेपेला तोंडाला झटका बसतो. मी हे कधी सांगितलंच नव्हतं, यादीत होतं. करंगळ्या पट्ट्याला न लागता आपसूक पुढं जात होत्या.

९ जानेवारी

तेरा. बारा. चौदा.

१२ ते १६ जानेवारी

सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज निघतात, होम मैदान माणसांनी फुलतं, शहरातून इकडं यायचं म्हणजे अर्धा दिवस. सराव बंद. दारूकामाच्या रात्री घोडे बिचकतात म्हणून मामा तबेल्यातच झोपले, रेडिओ लावून. सोरेगावपर्यंत आवाज येतोच.

१९ जानेवारी, रविवार

आज बादशानं उजव्या हाताला जाताना डावा पाय पुढं टाकून कँटर उचलला. उलट्या पायाचा. वळणावर असा कँटर डगमगतो, उतारावरच्या हातगाडीसारखा. मी काही बोललो नाही (ओठ चावून). तीन झेपांनंतर बाईंनी स्वतः दुडकीवर घेतलं, म्हणाल्या, "टबडक बरोबर आहे, पण मी बाहेर फेकली जातेय." पायांकडं न बघता ओळखलं. वर्षभर बसणाऱ्यांनाही हे ओळखायला खाली वाकून घोड्याचा खांदा बघावा लागतो.

कारण शोधलं: कोपऱ्याआधी त्यांचा आतला लगाम सुटला होता आणि बादशा बाहेर बघत होता. दुडकी आवरली, नाक जरासं आत घेतलं, पुन्हा मागितलं. उजवा.

२१ आणि २३ जानेवारी

पंधरा, सोळा, सोळा. सोळाला काहीतरी अडतं. पूर्वेकडचा तो पातळ वाळूचा कोपरा. तिथं बादशा जपून पाय टाकतो आणि बाईंना वाटतं तो थांबतोय. वाळूच्या ट्रॉल्या आज आल्या. नोव्हेंबरात आणायच्या होत्या.

२६ जानेवारी, रविवार

बाई झेंडावंदनाला शाळेत. सराव नाही. मुलगी सांगत आली, परेडला बाई मैदानावर उभ्या होत्या तेव्हा पाय जमिनीवर टबडक करत होता.

३० जानेवारी

सकाळी थंडी गेल्यासारखी. फेब्रुवारीत ऊन लागायच्या आत हे आटपायला हवं, मार्चपासून सातची वेळ सहावर जाते.

तंग बसल्यावर पुन्हा एकदा ओढला. दहा मिनिटं कदम, दहा मिनिटं दुडकी. मी फाटकाशी मामांच्या शेजारी उभा, कडी लावलेली. नवी वाळू अजून ओलसर होती, टापांचा आवाज दबलेला.

बाईंनी पश्चिमेचा कोपरा निवडला. दुडकी आवरली, एवढी की मला वाटलं कदमावर उतरतायत. बाहेरचा पाय मागं. बादशाचा कान मागं.

एक, दोन, तीन. आवाज रोजच्यासारखा, हजेरी घेतल्यासारखा. नऊ. दहा. वर्तुळाची लांबची बाजू. चौदा. पूर्वेचा कोपरा आला. सोळा. मामांनी माझा दंड धरला, मी तोंड उघडलं होतं बहुतेक. सतरा. अठरा. एकोणीस.

एकोणीसला फेरी पुरी झाली नव्हती. सुरुवातीच्या खुणेपर्यंत अजून सहा मीटर तरी होते. बाईंनी खूण बघितली आणि मोजत राहिल्या. वीस. एकवीस. खूण ओलांडली, मग आवरलं, दुडकी, कदम, लगाम सैल. बादशानं मान खाली टाकून फुरफुर केली.

मी धावत गेलो. अभिनंदन वगैरे म्हणत होतो, त्यांचं लक्ष नव्हतं. आकाशाकडं बघत ओठ हलत होते.

"त्रेसष्ट भागिले एकवीस. तीन. तुमच्या घोड्याची झेप तीन मीटर आहे, सव्वातीन नाही."

मी म्हटलं, हळू कँटरमधे झेप आखूड पडते, तुम्ही चांगला आवरून घेतला म्हणून.

"मग तसं आधी लिहायचं ना."

उतरल्या, बादशाचा तंग सैल केला, गूळ दिला, आणि ही वही मागून घेतली. डाव्या हाताचा सराव रविवारपासून, उद्दिष्ट आज लिहिलेलं नाही. पहिल्या पानावरचं सव्वातीन त्यांनी खोडलंय, वर तीन लिहिलंय, पर्समधल्या लाल पेननं, आणि बाजूला अर्धा गुण कापलाय.